भिंत घरधन्याची, चौकट सुताराची

महाराष्ट्रातील गावगाड्याचे वर्णन करावयाचे म्हटले की बारा बलुतेदारांची नामावळी देण्याचा प्रघात आहे. आणि ही नामावळी मुलखागणिक, किंबहुना गावागणिक, थोडीबहुत बदलत असली तरी सुतार, लोहार, महार आणि मांग यांची थोरली कास, कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी यांची मधली कास, आणि भट, मुलाणा, गुरव आणि कोळी यांची धाकटी कास, ही मांडणी मोल्सवर्थच्या कोशामुळे सर्वांच्या परिचयाची झालेली आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहून या व्यवस्थेची साक्षेपी चिकित्सा केली आणि बलुत्याचे हक्क व त्यांपायी कुणब्याच्या खळ्यावर पडणारा भार यांचा परामर्श घेतला. परंतु या बारांत, आणि सोनार, शिंपी, तेली, तांबोळी, माळी, गोंधळी अशा अलुतेदारांच्या नेहमीच्या याद्यांतही, एका कारागिराचे नाव नाही, आणि ते नाही हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो कारागीर म्हणजे गवंडी. ज्या समाजाने हजामतीस, मडकी घडविण्यास, जोडे शिवण्यास आणि नांगराचा फाळ पाजळण्यास वंशपरंपरेचा माणूस नेमून दिला आणि त्याच्या पोटाची तरतूद खळ्यावरच्या राशीत करून ठेवली, त्या समाजाने घराची भिंत उभी करणारा माणूस मात्र गावाच्या पदरी ठेवला नाही.

याचे एक कारण उघड आहे. फाळ दर हंगामात बोथटतो, घर पिढीतून एकदा बांधले जाते. आणि वर्षाकाठी ज्याचे काम पडेलच असा भरवसा नाही त्याला वर्षाचे बलुते कोण देईल? परंतु एवढ्याने समाधान होत नाही, कारण घर बांधणे विरळा असले तरी भिंत लिंपणे, जमीन करणे, धाब्यावर माती टाकणे ही कामे दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर आणि दसऱ्याच्या आधी येणारच. त्यांनाही माणूस नेमलेला नव्हता. तेव्हा असे म्हणणे प्राप्त होते की मातीचे काम हे परक्याकडून करून घेण्याचे काम आहे ही कल्पनाच गावाच्या मनात नव्हती. घर स्वतः बांधावे की मजुरी देऊन बांधून घ्यावे हा प्रश्न आज आपण जितक्या सरळपणे मांडतो तितक्या सरळपणे तो पूर्वी कधीच उभा राहिला नाही. एकाच घरातून एक सीमारेषा गेलेली होती. तिच्या अलीकडे घरच्या माणसांचा हात चालत असे, पलीकडे कसबी कारागिराचा, आणि ही रेषा साधारणपणे माती आणि लाकूड यांच्यामधून जात असे. तिचा इतिहास म्हणजे आपल्याकडील घरबांधणीच्या अर्थकारणाचा इतिहास होय.

देशावरच्या शेतकऱ्याच्या भाषेत पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. शतकानुशतके एकाच जागी मातीची घरे उभी राहावीत, पडावीत, त्यांच्याच ढिगाऱ्यावर पुन्हा उभी राहावीत, आणि त्यात चुलीची राख व गोठ्याची घाण मिसळत राहावी, या क्रमाने गावठाणाची माती काळ्या रानाहून वेगळी दिसू लागते. पुराणवस्तुसंशोधकांना प्राचीन वसाहतींचा सुगावा लागतो तो पुष्कळदा अशाच पांढरीच्या टेकाडांवरून. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन झाले, आणि इ. स. पूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातील शेतकऱ्यांची घरेच्या घरे उजेडात आली. आधीच्या काळातील घरे चौकोनी, त्यांच्या भिंती बुटक्या मातीच्या आणि त्यांवर कुडाचे काम. उत्तरकाळात दैन्य आल्यावर तेथेच लहान वर्तुळाकार झोपड्या. आणि दोन्हींत खांबांची भोके व चोपून केलेली जमीन. तीन सहस्रकांपूर्वीच्या त्या घरात आणि गेल्या शतकापर्यंत आपल्याकडे बांधल्या जाणाऱ्या कुणब्याच्या घरात बांधणीच्या दृष्टीने जे साम्य आहे ते अंतराच्या मानाने थोडे नाही.

भिंत घालण्याची रीत कोणाला शिकवावी लागत नसे. सुगी आटोपून हात रिकामे झाले म्हणजे पांढरीची माती आणून तिचे आळे करावयाचे, त्यात पाणी सोडून काड किंवा भुसा मिसळावयाचा, माणसांनी व बैलांनी ती तुडवून काही दिवस मुरू द्यावयाची, आणि मग हातभर उंचीचा एक थर चढवून तो वाळल्यावर दुसरा थर घ्यावयाचा. घाई केल्यास खालचा थर पसरतो, विलंब केल्यास वळवाचा पाऊस गाठतो. यापलीकडे या विद्येत गूढ असे काही नव्हते, आणि जे होते ते लहानपणी चिखल तुडवितानाच अंगी भिनलेले असे. मनुष्यबळ कमी पडल्यास सावड होतीच. आज तुझ्या भिंतीवर मी चार दिवस राबलो, उद्या माझ्या शाकारणीला तू ये, असा हा व्यवहार. त्यात पैसा नसे, परंतु हिशेब नसे असे समजण्याचे कारण नाही, कारण सावड बुडविणाऱ्याची आठवण गाव दीर्घकाळ ठेवीत असे. कोकणात पेंढ्याची वा गवताची छपरे दरसाल शाकारावी लागत आणि तीही याच रीतीने शाकारली जात.

या घरगुती बांधकामातला मोठा भाग बायकांचा होता, आणि इमारतींचे इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याची नोंद क्वचितच घेतली आहे. भिंत उभी करणे हे पुरुषांचे काम मानले तरी तिचा गिलावा, पोतेरे, जमीन चोपून चोपून गुळगुळीत करणे, तीवर शेणाचे सारवण, चूल घालणे, ओट्याच्या कडा सावरणे, ही सर्व कामे बायका करीत. आणि मातीच्या घराचे आयुष्य त्याच्या पायावर जितके, तितकेच या नित्याच्या निगेवर अवलंबून असते. सह्याद्रीच्या पलीकडे वारली पाड्यांत कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर शेणामातीचा लेप देण्याची आणि लग्नप्रसंगी त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची जी परंपरा आहे, तीत तर बांधकाम आणि कला यांच्यामधली सीमारेषाही दिसेनाशी होते. या श्रमाला मजुरी नव्हती, म्हणून त्याचा दाखला कोणत्याही जमाखर्चात सापडत नाही.

आता रेषेच्या पलीकडचे काम पाहू. देशावरील घराचा भार बहुधा भिंतीवर नसून लाकडी सांगाड्यावर असे. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचा किंवा फळ्या, वर पाल्याचा थर, मग चिखल आणि अखेर पाणी न झिरपू देणारी खारी माती, असे हे माळवद किंवा धाबे. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणत, आणि घराची मोजदाद भिंतींच्या लांबीवरून न होता खणांवरून होत असे. अमक्याचे पाच खणी माजघर म्हटले की त्याची ऐपत ऐकणाऱ्याला कळे. हा सांगाडा घरच्या माणसाच्या आवाक्यातला नव्हता. खांबाच्या डोक्यात तुळईची कुसू नेमकी बसणे, ओळंब्यात खांब उभा राहणे, गुण्यात चौकट येणे, या गोष्टींना रंधा, पटाशी आणि वाकस यांच्या बरोबरीने वर्षांचा सराव लागतो. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांनी स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे जे चार अधिकारी सांगितले आहेत त्यांपैकी शेवटचे दोघे लाकडाशी निगडित आहेत, आणि नाशिकचे कृष्णाजी विनायक वझे यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे शास्त्र मराठी वाचकांपुढे मांडण्याचा जो उद्योग केला त्यामुळे ही परिभाषा आपल्याकडे पुन्हा ओळखीची झाली. परंतु खेड्यातल्या सुताराच्या ठिकाणी हे चारही अधिकार एकवटलेले असत.

येथे बलुत्याच्या शिरस्त्यातला एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. सुताराला खळ्यावर जे धान्य मिळे ते नांगर, कुळव, पाभर आणि मोटेचा सरंजाम दुरुस्त ठेवण्याबद्दल. घराचे काम त्यात येत नसे. घर बांधावयाचे झाल्यास लाकूड धन्याने आणावयाचे, आणि सुताराला रोजमुरा व दुपारचे जेवण द्यावयाचे, किंवा संबंध काम उक्ते ठरवून घ्यावयाचे. म्हणजे ज्या माणसाशी वर्षभराचा ऋणानुबंध होता त्याच्याशीच या एका कामापुरता रोख व्यवहार होत असे, आणि त्या व्यवहाराची कटुता कमी करण्याची योजना रूढीने करून ठेवलेली होती: चौकट उभी करण्याच्या दिवशी तिची पूजा होई, नारळ फुटे, आंब्याची डहाळी बांधली जाई, आणि ऐपतीप्रमाणे सुताराला शेला-पागोटे मिळे. भिंतीला असा मान नाही. घरच्या हाताचा सत्कार कोण करणार? पूजा होते ती परक्या हाताची, ज्याच्या कौशल्यावर आपण विसंबलो आहोत याची जाणीव असते त्याची.

स्वहस्ते घर बांधण्याचे हे चित्र रम्य वाटू लागण्यापूर्वी त्याची दुसरी बाजू सांगणे अवश्य आहे. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांनी आपली घरे स्वतः बांधली ती सावडीच्या आनंदाने नव्हे. गावातला कसबी माणूस त्यांच्या दारी काम करीत नसे आणि त्याला देण्यास रोख पैसा त्यांच्याजवळ नसे. उलटपक्षी गावकुसाची आणि चावडीची डागडुजी हे महारांच्या माथी असलेल्या कामांपैकी एक होते. म्हणजे ज्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार नाही त्याची निगा मात्र त्यांनी राखावयाची. सुतार-लोहारांनाही सरकारच्या किल्ल्याकोटाच्या कामावर वेठीने जावे लागे. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात 1958 साली झाला तेव्हा या सक्तीचा कायदेशीर आधार संपला. स्वतः राबणे आणि दुसऱ्याला राबविणे यांच्यातली निवड ज्याला करता येते तो मनुष्य मुळातच सुस्थितीतला असतो, ही गोष्ट या विषयाच्या विचारात विसरता कामा नये.

ज्यांना सर्वस्वी पैसा मोजून बांधकाम करविणे शक्य होते त्यांची व्यवस्था पाहावयाची तर पेशवाईतल्या पुण्याकडे वळावे लागते. थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 रोजी घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. मूळ वाड्याला 16,110 रुपये खर्च आल्याचा आकडा सर्वत्र दिला जातो. जुन्नरच्या रानातले सागवान, चिंचवडच्या खाणीतला दगड, जेजुरीकडचा चुना, असा माल पुण्यात येऊन पडला. गावच्या घरात ज्याला जागा नव्हती तो गवंडी आणि पाथरवट या इमारतीत प्रमुख झाला, कारण जोते घडीव दगडाचे आणि सांधा चुन्याचा. चुना ही माती नव्हे. चुनखडी भाजावी लागते, विझवावी लागते, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर दळावी लागते, आणि गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी केव्हा व किती घालावे हे जाणणाराच तो चुना पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी खात्री देऊ शकतो. असे जाणते लोक एका गावाच्या आश्रयाने राहू शकत नाहीत. वडार, बेलदार, पाथरवट हे काम असेल तेथे पाल ठोकणारे लोक. आज घाटाच्या माथ्यावर, उद्या नदीच्या घाटावर. शनिवारवाड्याला 1828 च्या फेब्रुवारीत आग लागून लाकडी मजले भस्मसात झाले आणि मागे राहिले ते मुख्यतः या फिरत्या लोकांचे काम: जोती, तट आणि दरवाजे.

तथापि या मोठ्या इमारतींतही एक गोष्ट गावच्या घरासारखीच होती. माल यजमानाचा असे. सरदाराचा कारकून लाकडाची खरेदी करी, चुन्याच्या पोत्यांची मोजदाद ठेवी, हजेरी घेई, आणि कारागीर आपली हत्यारे व आपले हात घेऊन येई. अशा कामाला अमानी म्हणत; त्यात कारागिराला दगडाऐवजी रेती भरण्यापासून लाभ नसे, कारण वाचलेला माल त्याचा नव्हे. यजमानाला तोटा असलाच तर रेंगाळण्याचा, कारण रोज जितके अधिक तितकी मजुरी अधिक. उलट काम उक्ते दिले तर ते लवकर उरकते, पण हलके होते. हा पेच जुना आहे, आणि त्यावर रामबाण उपाय कोणत्याही राजवटीला सापडलेला नाही. एवढेच म्हणता येते की अमानीत यजमानाला जाणकार असावे लागते, किंवा जाणकार कारकून पदरी बाळगावा लागतो.

इंग्रजी अमलात हा तोल बदलला. सार्वजनिक बांधकामाचे खाते 1854-55 च्या सुमारास स्वतंत्र झाले; त्याच 1854 साली पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, आणि पूल, पाट, कचेऱ्या यांवर देखरेख करणारे कनिष्ठ अंमलदार तयार होऊ लागले. 1853 मध्ये ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी पुढे घाट चढू लागली तेव्हा कामाचे प्रमाणच असे झाले की हजारो मजुरांना हाकणारा, मालाचा पुरवठा करणारा आणि निविदा भरून जोखीम पत्करणारा मध्यस्थ अपरिहार्य झाला. हा कंत्राटदार आपल्याकडे हेटाळणीचा विषय झाला आहे आणि त्याला कारणेही आहेत. परंतु त्याच्या उदयाची सामाजिक बाजू पाहिल्यावाचून न्याय होणार नाही. जोतीराव फुले यांनी बांधकामाच्या मालाचा पुरवठा आणि कंत्राटे यांवर उपजीविका केली, खडकवासल्याच्या धरणाला माल पुरविला, आणि शाळा व सत्यशोधक समाजाचे कार्य करीत असता कोणाच्या मिंधेपणात राहावे लागू नये इतके स्वातंत्र्य त्यातून मिळविले. मुंबईत व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू यांसारखे तेलुगूभाषक सत्यशोधक पुढारी याच धंद्यात वर आले. वतनाच्या चौकटीत ज्यांना जागा नव्हती, किंवा होती ती खालची होती, अशा कर्तबगार माणसांना गुत्तेदारीने एक दार उघडून दिले; आणि दगडमातीच्या ज्ञानाला प्रथमच भांडवलाची जोड मिळाली.

खाजगी घरात हा मध्यस्थ शिरला तो मात्र मालाच्या बदलामुळे. बासेल मिशनने 1865 साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि तेथील चपटी, खाचांत बसणारी कौले गलबतांतून कोकणाच्या बंदरांत व मुंबईत येऊ लागली. गावच्या कुंभाराचे नळे वेडेवाकडे असले तरी वाकड्या वाशांवर चालत. दरसाल ते परतावे लागत, पण परतणे घरच्या पोराला जमे. मंगलोरी कौलाला रिपा सारख्या अंतरावर आणि पाखे एका पातळीत हवे. कुंभाराचे गिऱ्हाईक गेले, घरच्या माणसाचे वार्षिक काम कमी झाले, आणि सुताराचे काम अधिक काटेकोर झाले. रेषा थोडी सरकली. पुढे 1914 साली पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागले, 1936 मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत ए. सी. सी. स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात ती रेषा सरकली नाही, पुसलीच गेली. लाकडी सांगाडा गेला, मातीची भिंत गेली, आणि दोहोंच्या जागी पोलादाच्या सळ्या पोटात घेतलेला एकजीव पदार्थ आला. बलुत्याच्या यादीत नसलेला गवंडी आता घराचा मुख्य झाला आणि चौकटीचा मानकरी सुतार फळ्यांचा साचा ठोकण्यापुरता उरला.

मातीच्या भिंतीचा दोष डोळ्यांना दिसतो. ती फुगते, तडकते, ओल धरते. लाकडाला टिचकी मारली की पोकळपणा कळतो. खांबात सिमेंट किती पडले, सळई किती जाडीची आणि किती अंतरावर आहे, वाळूत माती होती का, हे काम झाल्यावर उघड्या डोळ्यांना कळत नाही. आणि कळते तेव्हा पुष्कळ वर्षे लोटलेली असतात. शहरातल्या नव्या मध्यमवर्गाची अडचण येथे होती. सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याचा उपक्रम मुंबईत सारस्वत मंडळींनी 1915 साली गावदेवीस सुरू केला. त्यानंतर पुण्यातही नोकरदारांच्या वसाहती वाढल्या, आणि ज्यांच्या आजोबांनी गावी भिंती घातल्या होत्या असे गृहस्थ भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती घेऊन कंत्राटदारापुढे उभे राहिले. त्यांच्यासाठी पुण्याच्या र. श्री. देशपांडे या अभियंत्याने पुस्तके लिहिली; ‘मॉडर्न आयडिअल होम्स फॉर इंडिया’ हे त्यांतले 1939 चे पुस्तक विशेष गाजले. अशा पुस्तकांचा खप हा एका हानीचा पुरावा आहे: जे ज्ञान परंपरेने घराघरांत असे ते आता विकत घ्यावे लागत होते. घरमालकाच्या अंगमेहनतीपैकी या नव्या बांधकामात एकच काम शिल्लक राहिले, ते म्हणजे पाणी मारणे. कंत्राट कितीही पक्के असो, स्लॅबवर आळी करून दिवसांमागून दिवस पाणी मारण्याचे काम बहुधा मालकाच्या घरच्यांकडेच येते. आणि काँक्रीटचे बळ पुष्कळ अंशी त्या पाण्यावरच ठरत असल्यामुळे हे कनिष्ठ वाटणारे काम प्रत्यक्षात फार महत्त्वाचे आहे, हे करणाऱ्यालाही क्वचितच ठाऊक असते.

घरच्या हाताची आणि कंत्राटी हाताची एवढी मोठी परीक्षा महाराष्ट्रात एकदाच झाली, आणि ती फार मोठी किंमत घेऊन झाली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, 30 सप्टेंबर 1993 रोजी, किल्लारीच्या परिसरात धरणीकंप झाला आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सात-आठ हजार माणसे, मुख्यतः आपल्याच घरांखाली, दडपून मेली. मराठवाड्यातली ही घरे ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या जाड भिंतींची आणि वर्षानुवर्षे माती चढत जाऊन जड झालेल्या माळवदांची. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड पुष्कळ ठिकाणी नव्हते, म्हणून धक्क्यासरशी त्या दुभंगल्या. आणि तरीही पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना अनेक घरांत खणांचा लाकडी सांगाडा भिंती कोसळल्यावरही उभा असलेला आढळला. सुताराचे काम टिकले, भिंत गेली. दरसाल माळवदावर माती टाकणारा हात घरचाच होता, आणि गळती थांबविण्याच्या सद्हेतूनेच तो आपल्या डोक्यावरचा भार वाढवीत होता. स्वतःच्या हाताने केलेले काम सुरक्षित असतेच ही समजूत त्या पहाटे फोल ठरली.

पुनर्वसनात दोन मार्ग अवलंबिले गेले. अत्यंत हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि तेथील घरे कंत्राटदारांनी किंवा दाते म्हणून पुढे आलेल्या संस्थांनी बांधून दिली. आखणी सरळ रस्त्यांची, घरे एका साच्याची. भूकंपाच्या दृष्टीने ती बळकट होती, परंतु गोठा कोठे, कणगी कोठे, भाऊबंदांचे दार कोणत्या बाजूस, हे प्रश्न रहिवाशांनी नंतर स्वतःच भिंती वाढवून सोडविले. दुसरीकडे कमी हानी झालेल्या गावांत दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व बळकटीकरण मालकांवर सोपविले गेले. पैसा हप्त्याने मिळे, माल आणि मार्गदर्शन सरकार देई, गवंडी मालकाने लावावयाचा. माळवदावरची माती कमी करणे, खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार देणे, भिंतीत आरपार बांध घालणे, माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरविणे, या गोष्टी गावोगाव समजावून सांगण्यासाठी संवाद-सहायक म्हणून स्थानिक बायकांची नेमणूक झाली. आणि ज्या बायकांचा बांधकामाशी संबंध पूर्वी सारवणापुरता मानला जात होता त्या आता गवंड्याला कामाविषयी जाब विचारू लागल्या. या दुसऱ्या मार्गाला वेळ लागला, कामाची प्रत घरोघर वेगळी राहिली; पण घर कशाने टिकते याचे ज्ञान त्याने पुन्हा घरातल्या माणसांकडे आणले, आणि कंत्राटाने बांधून दिलेले घर कितीही चांगले असले तरी ही गोष्ट त्याच्याबरोबर येत नाही.

शासनाच्या धोरणातही याचे प्रतिबिंब आढळते. इंदिरा आवास योजनेच्या नियमांनी घरकुलाच्या कामात कंत्राटदार घेण्यास मनाई केली, आणि 2016 पासून तिच्या जागी आलेल्या ग्रामीण आवास योजनेने तो दंडक कायम ठेवला. सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये हप्त्यांनी मिळतात, घर किमान 25 चौरस मीटरचे असावे लागते, गवंड्यांना शिकविण्याची सोय आहे. आणि याखेरीज रोजगार हमीच्या कायद्याखाली लाभार्थ्याला स्वतःच्याच घरावर केलेल्या अकुशल कामाची 90 दिवसांची मजुरी देण्याची तरतूद आहे. पांढरीच्या मातीत बैल फिरविणाऱ्या कुणब्याला आपल्याच भिंतीच्या मजुरीसाठी हजेरीपटावर अंगठा उठविण्याची कल्पना अद्भुत वाटली असती. परंतु यात एका जुन्या अन्यायाचे अंशतः परिमार्जन आहे हे मान्य केले पाहिजे, कारण घरच्या श्रमाला काही मोल आहे हे या देशाच्या जमाखर्चात प्रथमच लिहिले गेले.

मात्र या व्यवस्थेने माल बदललेला नाही. मालक पुन्हा मालक झाला, पण ज्या पदार्थाचे घर तो बांधतो त्याची पारख त्याला नाही. आणि पारख नसलेली अमानी ही कंत्राटापेक्षा फारशी सुरक्षित नसते, हे पेशव्यांच्या कारकुनालाही पटले असते. घर स्वतः बांधावे की बांधून घ्यावे याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या सवडीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे करावा. इतिहासाचा कौल त्यात कोणत्याच बाजूने नाही. जुन्या घरधन्याने भिंत स्वतः घातली आणि चौकट सुताराकडून घेतली तेव्हा त्याला दोन्हींची कुवत माहीत होती, कारण एकीत त्याचा हात होता आणि दुसरी त्याच्या डोळ्यांपुढे तासली गेली होती. ती माहिती मिळविण्याचे कष्ट आज घ्यावे लागतील, आणि ते मजुरी देऊन दुसऱ्याकडून करून घेता येणार नाहीत.